तळ्यातलं चार बोटं पाणी

फुएन्सांता आली तेव्हा ब्लास बदाम फोडत बसला होता आणि त्याची वहिनी लेओकादिया खिडकीपाशी उभी राहून कॉफी पीत होती.

"बसत नाही," फुएन्सांता दारातूनच म्हणाली. "बसले तर रडेन. परवा गुरुवारी बाबांना पाणीपंचांसमोर उभं करणार आहेत. चोर म्हणून."

ब्लासच्या हातातला बदाम घरंगळत कपाटाखाली गेला. "हिनेसकाका? चोर? अगं, रविवारी पहाटे मी त्यांच्याच खांद्याला खांदा लावून गात होतो!"

दर रविवारी तांबडं फुटायच्या आधी बेनिसार गावची मंडळी घंटा वाजवत दारोदार जाऊन मारियामातेची भजनं म्हणतात. ब्लास त्यासाठी शहरातून मुद्दाम पहिल्या गाडीनं जायचा. त्याचा आवाज खर्जातला, भरदार. देवानं गळा घडवता घडवता दिवस मावळला आणि डोकं उद्यावर टाकलं, असं त्याची वहिनी म्हणायची. लोकांच्या हरवलेल्या वस्तू, माणसं आणि अब्रू शोधून देणं हा वहिनीचा धंदा. ब्लास तिची गाडी चालवी.

"पहिल्यापासून सांग," लेओकादिया म्हणाली.

दोन वर्षं पाऊस नव्हता. सेगुरा नदीच्या धरणांत गाळ तेवढा उरला होता. बेनिसारची लिंबं जगत होती ती ताहो नदीच्या पाण्यावर. तीनशे किलोमीटर कालव्यानं, डोंगर पोखरून आणलेलं ते पाणी गावच्या बांधीव तळ्यात साठायचं आणि पाळीपाळीनं बागांना मिळायचं. तळ्याचं पाणी सोडायच्या दाराला कुलूप, आणि किल्ली एकच, हिनेसकाकांच्या कमरेला.

"शनिवारी संध्याकाळी पाणी बाराव्या रेघेला होतं," फुएन्सांता म्हणाली. "बाबांनी आणि चिटणीस इसिदोरोंनी दोघांनी मिळून पाहिलं. रविवारी सकाळी दहाला इसिदोरो तळ्यावर गेले, तर चार बोटं खाली! तिथूनच ओरडले, 'हिनेस चोर!' इतक्या मोठ्यानं, की चर्चमध्ये पाद्रीबाबांचं प्रवचन थांबलं. एकेचाळीस वर्षांची नोकरी जाईल, दारापाशी दिलेलं घर जाईल. त्याचंही काही नाही हो. पण बाबांनी रविवारपासून घास घेतलेला नाही."

"किल्ली रविवारी पहाटे कुठे होती?"

"त्यांच्या कमरेलाच!" ब्लास म्हणाला. "दर पावलाला खुळखुळत होती. मला ताल चुकवायला लावला त्या किल्लीनं."

"तुझा ताल चुकायला किल्ली कशाला हवी?" वहिनी म्हणाली आणि डोक्याला रुमाल बांधू लागली.

बुधवारी सकाळी दोघं तळ्यावर पोचली. हिनेसकाका दाराशी उन्हात उभे होते. वाळलेल्या खजुरासारखा माणूस. विचारलं तेवढंच बोलत.

"शेवटचं दार कधी उघडलंत, काका?"

"मागच्या गुरुवारी. पात्रोसिनिओबाईंची पाळी."

"नंतर?"

"शुक्रवारी डोंगरात ढगफुटी झाली. गावात थेंब नाही, पण लाल ओढा धो धो आला. त्याचा फाटा आमच्या पाटातही शिरला. तळ्याला मात्र चहूकडून भिंत, आत काही आलं नाही."

लेओकादिया दाराखालच्या पाटात उतरली. तळाशी ओढ्याचा लाल गाळ वाळून त्याच्या पोपड्या निघाल्या होत्या. एकेक खपली बशीसारखी वर वळलेली. तिनं एक उचलली, फुंकर मारली, होती तशी ठेवून दिली. मग ती भिंतीवर चढली आणि खालच्या बागांच्या बाजूनं सावकाश चालू लागली. एका ठिकाणी काठावरचं हिरवं शेवाळ वीतभर रुंदीत खरवडलं गेलं होतं.

"शेळी घसरली असेल," ब्लास म्हणाला.

"शेळी भिंतीवर चढून पाणी पिते, आणि चार बोटं पिते," वहिनी म्हणाली. "चल, माणसांना भेटू."

ब्लासचा संशय ओनोफ्रेवर होता. त्याची बाग तळ्याच्या वर, टेकाडावर, आणि सगळ्या गावात हिरवीगार. ओनोफ्रेनं त्यांना जेवायलाच बसवलं. हरभऱ्याचा रस्सा, वर पुदिना.

पहिल्याच घासाला ब्लासची दाढ कळवळली. "हे हरभरे आहेत की खडी?"

"कालपासून शिजतायत," ओनोफ्रे हसला. "माझ्या विहिरीचं पाणी खारट, जड. चार दिवस उकळलं तरी हरभरा मऊ व्हायचा नाही. पण गावात विहीर माझ्या एकट्याचीच आहे, तेव्हा तोंड वाकडं करून का होईना, झाडं पितात."

"तळ्याचं घ्यायचंच झालं तर?"

"ते माझ्या खाली. वर चढवायला पंप लावला तर त्याच्या आवाजानं मेलेलीसुद्धा उठून बसतील, बाई."

पात्रोसिनिओबाईंची बाग तळ्याच्या खाली. साठीची खणखणीत विधवा. हातात कोयता, तोंडाला लगाम नाही.

"माझा हौद भरलाय, खरं आहे. शुक्रवारच्या ओढ्यानं भरला. ओढ्याचं पाणी ज्याच्या बांधात शिरलं त्याचं, ही आजोबा-पणजोबांपासूनची रीत. ताहोचं पाणी पाळीचं, ओढ्याचं नशिबाचं."

लेओकादियानं बांधावरचा बोरू तोडला आणि हौदात तळापर्यंत खुपसला. वर काढला तेव्हा खालचा वीतभर भाग लालभडक गाळानं माखला होता.

"पुसू नका!" बाई म्हणाल्या. "तो गाळ लिंबांना सोन्यासारखा. एक मूठ वाया घालवत नाही मी."

शेवटी इसिदोरो. त्यांचीही बाग तळ्याच्या खालीच, पात्रोसिनिओबाईंच्या शेजारी. चिटणीस माणूस, उन्हातही टाय. बागेत तीनशे नवी कलमं ओळीनं उभी होती, पानं कोवळी, तुकतुकीत.

"लेकरांसारखी वाढवतोय," ते म्हणाले. "देवाची कृपा, शुक्रवारी ओढा आला. आदल्याच दिवशी, गुरुवारी हौद घासून ठेवला होता. काठोकाठ भरला."

हौदाच्या तळाचा खडान् खडा दिसत होता. लेओकादियानं त्यातलं ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं. "छान. गोड आहे." मग बोरू तळाशी टेकवला, काढला, निरखला आणि टाकून दिला.

"रविवारी तुम्ही गायला नव्हता," ब्लास म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "घंटा कोणी वाजवायची म्हणून गोंधळ झाला."

"घसा पार बसला होता हो. आदल्या रात्रीपासून शब्द फुटत नव्हता. तुम्हा सगळ्यांचं गाणं अंथरुणातून ऐकलं आणि डोळ्यांत पाणी आलं."

परतताना ब्लास म्हणाला, "वहिनी, मला तर सगळेच चांगले वाटतात."

"तू भजनात उभा राहतोस तसा जगात उभा राहतोस," ती म्हणाली. "राहा. पण उद्या दहाच्या आत गाडी चर्चपाशी हवी."

गुरुवारी चर्चच्या ओसरीत सात पंच बाकावर बसले. मधोमध मुख्य पंच कायेतानोआजोबा, नव्वदीचे, हातात काठी. या पंचायतीत कागद नसतो. बोलायचं, ऐकायचं, निवाडा. इसिदोरोंनी आरोप मांडला: दाराला कुलूप, किल्ली एक, पाणी गेलं. हिनेसकाका खाली मान घालून उभे होते. फुएन्सांतानं ब्लासची बाही घट्ट धरली होती.

"दार उघडलंच नाही," लेओकादिया म्हणाली.

ओसरीत कुजबुज झाली. काठी आपटली.

"दार उघडलं असतं तर पाणी पाटातून गेलं असतं. शुक्रवारचा गाळ पाटात आहे तसा वाळलाय, खपली न् खपली जागेवर. रविवारी त्यावरून पाणी गेलं असतं तर गाळ वाहून गेला असता. जाऊन बघा. म्हणजे किल्लीचा प्रश्नच मिटला."

"मग पाणी काय उडून गेलं?" कायेतानोआजोबांनी विचारलं.

"भिंतीवरून गेलं. जाड नळी पाण्यानं भरायची, एक टोक तळ्यात, दुसरं खाली सोडायचं. पाणी आपल्या पायानं भिंत ओलांडतं, आवाज नाही, पंप नाही. नळीनं काठाचं शेवाळ खरवडलंय. मात्र पाणी असं उताराकडेच जातं. म्हणून टेकाडावरचे ओनोफ्रे सुटले. शिवाय गोड पाणी चोरणारा माणूस पाहुण्याला खडीसारखे हरभरे वाढत नाही."

पंच हसले. ओनोफ्रे सर्वांत मोठ्यानं हसला.

"तळ्याखाली बागा दोन. दोन्ही हौद भरलेले, आणि दोघंही म्हणतात, शुक्रवारच्या ओढ्यानं भरले. पात्रोसिनिओबाईंच्या हौदात वीतभर लाल गाळ आहे. इसिदोरोंच्या हौदाचा तळ ताटासारखा लख्ख. ते सांगतात, हौद गुरुवारी घासला. घासला असेल! पण ओढा आला शुक्रवारी. लाल ओढा गाळ बांधावर उतरवून, पाय धुऊन हौदात शिरला का?"

इसिदोरोंनी टायची गाठ चाचपली. "माझं… दुसरं पाणी असेल."

"दुसरं म्हणजे विहिरीचं. ते खारट. मी तुमचं प्यायले, गोड आहे. खारट नाही, गढूळ नाही, असं पाणी या गावात एकच येतं, तीनशे किलोमीटरवरून. हौद इथून दोनशे पावलांवर आहे; पंचांनी बोरू घेऊन जावं."

कोणी उठलं नाही.

"वेळही सांगते. सगळं गाव गाण्यात, तेव्हा. रविवारी पहाटे यांचा घसा बसलेला, शब्द फुटत नव्हता. आणि दहा वाजता तळ्यावरून 'चोर' म्हणाले ते चर्चच्या भिंती भेदून आत ऐकू आलं. पाणी उतरलेलं उजेडात दिसणारच होतं. लोकांचं बोट आपल्याकडे वळण्याआधी त्यांनी ते दुसऱ्याकडे वळवलं."

ब्लासला एकदम रडूच आलं. ज्या वेळी आपण मातेचं नाव घेत होतो, त्या वेळी…

"पाळी बारा दिवसांवर होती," इसिदोरो खालच्या आवाजात म्हणाले. "कलमं माना टाकत होती. हौद कोरडा होता. ओढ्याचं पाणी माझ्या बांधाला शिवलंसुद्धा नाही."

"मग माझ्याकडे मागायचं होतंस, मेल्या!" पात्रोसिनिओबाई कडाडल्या. "शेजारी राहते ना मी?"

सात डोकी एकत्र आली, वेगळी झाली. कायेतानोआजोबांनी काठी टेकली. "हिनेस निर्दोष. इसिदोरोची चिटणिशी गेली. पुढच्या दोन पाळ्या बंद. हिनेस, बोट तुझ्याकडे दाखवलं होतं. तुला काही म्हणायचंय?"

हिनेसकाकांनी पहिल्यांदा मान वर केली. ते इसिदोरोंकडे वळले.

"एकच पाळी बंद करा," ते म्हणाले. "दोन केल्या तर कलमं मरतील. चोरी कलमांनी केलेली नाही."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. कायेतानोआजोबांनी मान हलवली, आणि तो निवाडा झाला.

फुएन्सांता बापाच्या गळ्यात पडायला धावली, पण काकांनी चर्चच्या घड्याळाकडे पाहिलं होतं. "सोड, पोरी. अकराला पाळी आहे, लोक पाटावर खोळंबलेत." पायऱ्या उतरताना ते थांबले. इसिदोरो खांबाशी एकटेच उभे होते, टोपी हातात, कुठे जावं ते न कळलेले.

"चला इसिदोरो," काका म्हणाले. "हात लावा. दार जड आहे, एका माणसाला उचलत नाही."

ब्लासनं तोंड उघडलं. वहिनीनं त्याचा पाय दाबला, तसं त्यानं ते मिटून घेतलं. एकेचाळीस वर्षं ते दार हिनेसकाका एकटेच उचलत आले होते.