राखेवरचं वळण

ही गोष्ट रितिकाच्या बाबतीत खरोखर घडली. मागच्या डिसेंबरात, कोराडीच्या रस्त्यावर.

रात्र नव्हती. चांगलं लख्ख ऊन होतं.

तिला गाडी शिकवली बाबांनी, मनोहररावांनी. घरची जुनी व्हॅन, इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर.

"वळणावर मागची चाकं घसरली, का शेपटी बाहेर जाते अन् गाडी गरजेपेक्षा जास्त वळते. तेव्हा ब्रेक मारू नको, बेटा. वजन पुढे येते, मागची चाकं आणखी हलकी होतात. शेपटी जिकडे जाईल, तिकडेच स्टिअरिंग फिरव."

चूक झाली तरी ते ओरडत नसत. दोनदा खाकरत, मग पुन्हा समजावत.

त्या डिसेंबरच्या आधीच, मार्चमध्ये ते गेले. झोपेतच.

त्या डिसेंबरातल्या दुपारी शेजारी धाकटा भाऊ मोहित होता.

"ताई, बैलगाडी चालवून राहिली काय वं तू?"

"उतर अन् पायी ये मग!"

दोघं हसले.

पुढे उजवं वळण आलं. रस्त्यावर वीजकेंद्राच्या ट्रकमधून सांडलेली राख, त्यावर टँकरनं मारलेलं पाणी.

आणि...

सगळे आवाज थांबले. समोरून कोळशाचा ट्रक येताना दिसत होता... पण आवाज नव्हता.

मागच्या सीटवर कुणीतरी खाकरलं.

दोनदा.

तेवढ्यात मागची चाकं घसरली.

"ब्रेक दाब, बेटा..."

तोच मायेचा आवाज.

रितिकानं विचारही केला नाही. बाबा सांगत होते ना! तिनं ब्रेक दाबला.

शेपटी सटकन बाहेर फेकली गेली. गाडीचं तोंड थेट ट्रकसमोर वळलं.

"सोडू नको. दाबून ठेव..."

आवाजात जराही घाई नव्हती.

तेव्हा तिला कळलं, हे बाबांनी शिकवलेल्याच्या अगदी उलट होतं.

तिनं ब्रेक सोडला. शेपटीच्या दिशेनं स्टिअरिंग फिरवलं. ट्रक आरसा उडवून गेला. व्हॅन कडेच्या मातीत घुसून थांबली.

आवाज परत आले.

मागची सीट रिकामी होती.

 मोहित पुटपुटला, "ताई... बाबांनं असं काहून सांगितलं?"

 

संध्याकाळी आईनं बाबांच्या फोटोला ताजा हार घातला.

"तुमच्या बाबांनंच वाचवलं तुम्हाले," ती रडत म्हणाली. "पाया पडा."

मोहितनं ताईकडे पाहिलं. 

रितिकानं हात जोडले.

डोळे मात्र मिटले नाहीत...