देवीलाल, आत

कंदील जरा इकडे सरकवा. वात मोठी करू नका, एवढा उजेड पुरे. सांगतो.

माझा मोठा भाऊ देवीलाल गेला, त्याची तेरवी अजून व्हायची होती. याडीनं, म्हणजे आमच्या आईनं, सकाळपासून एकच धोशा लावला होता. "त्याचं घोंगडं प्रेसवर राह्यलं. थंडी हाय बाप्पा. घेऊन ये." मेलेल्या माणसाला थंडी कसली, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण तिच्याकडे पाहिलं आणि चपला घालून निघालो.

आमच्या तांड्यापासून पायवाट, मग बोरी अरबचा गाडीरस्ता. दोन्हीकडे वेचून झालेली पऱ्हाटी उभी होती. कापसाच्या गाड्या गेल्या होत्या, त्यामुळे बाभळीच्या काट्यांना पांढरे पुंजके लटकत होते. या रस्त्यानं आम्ही दोघं भाऊ सोबत जायचो. मी त्याला भिया म्हणायचो. तो कापसाच्या प्रेसवर, मी बाजारात. तो पुढे, मी मागे. त्या दिवशीही मी मागेच चाललो होतो. पुढची जागा रिकामी ठेवून.

प्रेसचं काम तुम्ही पाहिलं नसेल. सरकी काढलेली रुई वरच्या माच्यावरून एका लाकडी पेटीत टाकतात. पेटी विहिरीसारखी खोल. माणसं तिच्यात उतरतात आणि गाणं म्हणत पायांनी रुई तुडवतात. वरून रुई पडत राहते, खालून माणसं वर येत राहतात. पेटी भरत आली की दोर धरून सगळे माच्यावर चढतात. मग झाकण बसतं, वाफेचं इंजिन धापा टाकतं आणि लोखंडी तळ वर सरकतो. दोन पुरुष उंचीची रुई गुडघाभर होते. तीच गठाण.

म्हणून तिथं जुनी रीत होती. पेटीतून निघालेला प्रत्येक जण आपलं नाव घ्यायचा. "फकिरा, भायेर." "देवीलाल, भायेर." फकिरा मुकादम डोळे मिटून ऐकायचा. एखादं नाव आलं नाही, तर झाकण हलायचं नाही.

यंदा राज्य नवं झालं, तसा प्रेसला मॅनेजरही नवा आला. सदाशिवराव. चांगला गोड बोलणारा माणूस. त्यानं सगळ्यांना सारख्या पांढऱ्या टोप्या वाटल्या. भोंग्याआधी सगळ्यांना उभं करून प्रार्थना सुरू केली. म्हणाला, "नावं कशाला घेता? मी-मी करणं सोडा. आपण एक कुटुंब आहोत. एक आवाज द्या. आपण सारे, बाहेर!"

लोकांना मौज वाटली. नाव घेत बसण्यापेक्षा एकदा ओरडलं की सुटका. एकटा देवीलाल अडला. त्यानं लाल पागोटं काढलं नाही, आणि सगळ्यांचा आवाज झाला की मागून एकटाच म्हणायचा, "देवीलाल, भायेर."

"तुला आमच्यात यायचं नाही का रे?" सदाशिवरावांनी विचारलं होतं.

"कामात आहोच ना साहेब. घामात बी आहो. पन जीव ज्याचा त्याचा हाय. तो एकीत कसा मोजता?"

सगळे हसले. सदाशिवरावही हसले. दुसऱ्या दिवशी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. तिसऱ्या दिवशीही. ज्या दिवशी तो टोपी घालून आला, त्या दिवशी आत घेतलं. त्यानंतर त्यानं नाव घेतलं नाही. पागोटं घोंगड्यात गुंडाळून सोबत न्यायचा, घरी आला की बांधायचा, आणि उंबऱ्यावर हळूच म्हणायचा, "देवीलाल, भायेर." मला हसू यायचं.

मग एका संध्याकाळी तो रुईखाली राहिला. पाय घसरला की घेरी आली, कोणाला ठाऊक. वर सगळे ओरडले, "आपण सारे, बाहेर!" आवाज भरगच्च होता. झाकण बसलं.

सदाशिवराव याडीला भेटायला आले होते. म्हणाले, "फार वाईट झालं. पण तो मनानं आपल्यात कधी नव्हताच." मी कुऱ्हाड उचलली होती. तांड्याच्या नायकानं मला धरलं.

तर मी प्रेसवर पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आवारात सरकीच्या तेलाचा आणि ओल्या कोळशाचा वास. हवेत रुईचा धुरळा, दिव्यांभोवती धुकं साचल्यासारखा. फकिरानं घोंगडं, लोटा आणि पागोटं माझ्या हातात दिलं. त्याची नजर वर येत नव्हती.

"जाय आता गुलाब. अंधार पडून राह्यला."

"मले ती पेटी पाह्यची हाय, फकिराकाका."

"कायले? काय हाय तिच्यात?"

"काही नाई, तर भेतोस काहून?"

 मी शिडी चढलो, तो मागून आला.

माच्यावर एकच कंदील होता. खाली पेटीत पांढऱ्या टोप्या वर-खाली होत होत्या. गाणं चाललं होतं, पण त्यात जीव नव्हता. एकेक जण दोर धरून वर आला. कोणी कोणाकडे पाहिना. सगळे काठाशी उभे राहिले आणि ओरडले,

"आपण सारे, बाहेर!"

मग शांतता. इंजिनसुद्धा थांबल्यासारखं वाटलं. आणि खालून, रुईच्या तळातून, तोंडावर उशी दाबल्यावर येतो तसा आवाज आला.

"देवीलाल... आत."

माझ्या हातातला लोटा पडला. तो फळ्यांवरून गडगडत गेला, तरी एकही टोपी वळली नाही.

"काका... तू ऐकलं?"

"रोज येते," फकिरा पुटपुटला. "पहिल्या दिशी समदी रुई उपसली, लेका. काहीच नाई. साहेबाले सांगतलं, तर म्हनते मले नाई ऐकू येत. तुमीच फूट पाडून राह्यले."

"अन् तुमी झाकन लावता? त्याच्यावर?"

"मंग काय करू?" त्याचा आवाज फाटला. "सांग ना, काय करू?"

खालून सदाशिवरावांची हाक आली, "काय खोळंबा आहे रे? लावा झाकण!"

मी पुढचा विचार केला नाही. माझ्यानं कधी होतच नाही. मी पेटीत उडी टाकली.

रुई मऊ असते असं वाटतं ना? ती मऊ नसते. ती जागा देते आणि मग ती जागा परत घेते. मी दोन्ही हातांनी उकरत होतो. नाकात, घशात तंतू जात होते. "भिया... भिया, हात दे..." उबदार होतं आत. कोणी नुकतं झोपून उठलं असावं, असं. आणि मग वास आला. आमच्या चुलीचा धूर आणि तंबाखू. देवीलालच्या घोंगड्याला येतो, तोच. घोंगडं तर मी माच्यावर ठेवलं होतं.

तेवढ्यात वर आवाज झाला.

"आपण सारे, बाहेर!"

आणि काठावरून झाकणाची सावली सरकू लागली.

मी ओरडलो. तोंडात रुई भरलेली. "थांबा" म्हणालो असेन, "काका" म्हणालो असेन, पण ते कोणाला ऐकू गेलं नाही. उजेडाची चीर बारीक होत गेली. मग माझ्या कानापाशी कोणीतरी, अगदी शांतपणे, मला सांगितलं, "नाव घे."

"गुलाबसिंग, आत!" मी किंचाळलो. "गुलाबसिंग, आत!"

झाकण थांबलं. दोर खाली आला. फकिरानं मला वर ओढलं.

"मी आत होतो अन् तुमी ओरडले?" मी त्याची गचांडी धरली. "कोन ओरडलं?"

"मायच्यान गुलाब... कोनीच नाई. आमी तोंड बी उघडलं नाई. झाकनाले बी हात नाई लावला."

मी सगळ्यांचे चेहरे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं बोलत नव्हते.

मग मी काठावर गेलो. पागोटं छातीशी धरलं आणि भावाच्या वतीनं पेटीत ओरडलो, "देवीलाल, भायेर!"

वाट पाहिली. काही आलं नाही. नुसती रुई बसल्याचा बारीक आवाज, कोणी दमून खाली बसावं तसा. फकिरानं टोपी काढून पेटीत फेकली आणि म्हणाला, "फकिरा, भायेर." मग दुसरा. मग तिसरा. खाली सदाशिवराव ओरडत होते. कोणी थांबलं नाही.

परत येताना मी रस्त्याच्या मधून चाललो. मला वाटलं, सुटला माझा भाऊ. घोंगडं याडीच्या अंगावर घातलं. ती त्या दिवशी पहिल्यांदा झोपली.

इथंच संपायला हवं होतं. पण बाजाराच्या दिवशी फकिरा तांड्यावर आला. अंगणात बसला, पाणीही घेतलं नाही. "देवीलालचा आवाज थांबला," तो म्हणाला. मग बराच वेळ माझ्या पायांकडे पाहत राहिला. "आता दुसरा येते."

"कोनाचा?"

"तुह्या, लेका. 'गुलाबसिंग, आत' म्हनते. रोज. मी काठावरून तुह्यं नाव घेऊन पाह्यलं. भायेर म्हनून पाह्यलं. थांबत नाई."

मी हसलो. त्याला माझा हात धरायला लावला. म्हटलं, हा बघ, मी इथं आहे.

त्याला जाऊन आता बरेच दिवस झाले. मी प्रेसकडे फिरकलेलो नाही. तरी रोज सकाळी याडी मला समोर बसवते आणि माझ्या केसांतली रुई वेचते. काही विचारत नाही. वेचलेली रुई पदरात बांधते.

संध्याकाळी दूर भोंगा वाजतो. तेव्हा ती दारात येऊन प्रेसच्या दिशेनं मला हाक मारते. मी तिच्या पाठीशीच बसलेला असतो. मी ओ देतो.

ती पुन्हा हाक मारते.