बत्तीस नंबरचा चेहरा

"सर, तुम्ही रिकाम्या जागेची हजेरी का घेता?"

झालं! विचारून टाकलं. खिडकीत कोपरं टेकवून, एका दमात, भर वर्गासमोर. माझ्या मागे व्हरांड्यात चष्मिश आणि लांबडी, माझ्या दोन जिवलग मैत्रिणी, रंगाच्या बादल्यांआड बसून तोंडात रुमाल कोंबून हसत होत्या. पैज त्यांचीच. "हिंमत असेल तर विचार," चष्मिश म्हणाली होती. आणि हिंमत हा शब्द ऐकून मी कधी गप्प बसलेय?

आम्ही तिघी चित्रकला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. परीक्षेसाठी एक-एक भिंत रंगवायची होती, म्हणून या प्राथमिक शाळेत आलो होतो. त्या दोघींना व्हरांडा मिळाला, मला पहिलीच्या वर्गाची मागची भिंत. गेले तीन दिवस आम्ही रोज सकाळी ऐकत होतो. पहिलीचे ते उंच शिक्षक, ज्यांना मुलं 'खडूसर' म्हणायची, हजेरी घ्यायचे. एकतीस मुलं, एकामागून एक "हजर सर". आणि मग ते म्हणायचे, "बत्तीस नंबर?"

शेवटच्या बाकावर एक जागा. तिथे कुणीच नाही. पण ते थांबायचे... मुलं श्वास रोखायची... आणि मग मान हलवून ते हजेरीपटावर खूण करायचे. हजर.

माझा प्रश्न ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"रिकामी? कोण म्हणालं रिकामी?"

एकतीस डोकी एकदम वळली. माझ्याकडे नाही हं. त्या जागेकडे! जणू विचारत होती – तुला वाईट तर नाही ना वाटलं?

माझ्या पाठीतून जी काय थंड शिरशिरी गेली... मागचं हसूही बंद झालं होतं.

शाळा सुटल्यावर ते स्वतःच माझ्या शिडीपाशी आले. बाहेर धुकं इतकं दाट होतं, की खिडक्यांना कुणी पांढरा कागद चिकटवलाय असं वाटावं.

"पहिलीत सगळ्यात अवघड काय असतं, माहितीय?" ते म्हणाले. "सगळ्यांना येतं आणि मलाच येत नाही, असं वाटणं. म्हणून दरवर्षी मी एक बत्तीस नंबर ठेवतो. तिला कुणाहीपेक्षा कमी येतं. ती तीन उलटा काढते, बेरीज चुकते. मग मुलं तिला शिकवतात. तिला शिकवता शिकवता त्यांचं त्यांना येऊन जातं."

"म्हणजे नाटक आहे!"

"नाटकच... होतं."

त्यांनी कपाटातून एक चिंधड्या झालेली वही काढली. बत्तीस नंबरची. पानापानावर वेडीवाकडी, चुकलेली अक्षरं.

"आधी या चुका मीच लिहायचो. सहामाहीनंतर सोडून दिलं. ही पुढची पानं माझी नाहीत."

"मुलांनी लिहिली असतील."

"मलाही तेच वाटलं. म्हणून एका शनिवारी वही कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात."

"आणि सोमवारी?"

त्यांनी पान उलटलं. पानभर उलटे तीन. ओळीमागून ओळ. आणि अगदी तळाला एक, फक्त एक... सरळ.

"शिकतेय," ते हळूच म्हणाले.

"तुम्ही मला घाबरवताय!"

"थोडंसं. घाबरलात?"

"मी? छे!" मी जोरात म्हणाले. तेवढ्यात हातातल्या ब्रशातून निळ्या रंगाचा भला मोठा थेंब त्यांच्या बुटावर पडला. त्यांनी बुटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं... आणि हसले. त्यांना हसताना डाव्या गालावर खळी पडते, हे मला तेव्हा कळलं. कळायला नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी अर्धा तास लवकर यायला लागले. भिंतीसाठी म्हणे! लांबडी म्हणाली, "भिंत काय पळून जाणारे का गं?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

मुलं मला ताई म्हणायची. एकदा खडूसर म्हणाले, "सगळा वर्ग ताई म्हणतो, मग मीपण—"

"तुम्ही नका म्हणू."

"का?"

"...असंच."

ते फळ्याकडे वळले. पण त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसले की!

त्या शेवटच्या बाकावर, बत्तीस नंबरच्या शेजारी, एक मुलगी बसायची. इतकी बारीक, की सगळे तिला पेन्सिल म्हणायचे. पेन्सिल शाळेत एक शब्दही बोलायची नाही, हजेरीलाही नुसता हात वर करायची. सरांशी नाही, मुलांशी नाही. फक्त शेजारच्या मोकळ्या जागेकडे वाकून, तोंडाशी हात धरून कुजबुजायची. मधेच थांबायची, मान डोलवायची, खुदकन हसायची. कुणाचं तरी ऐकल्यासारखी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आठवड्याभरात मला ते पाहिल्याशिवाय करमेना.

आता माझ्या पोटातली गोष्ट सांगते. कॉलेजात आमचे दाढीवाले सर माझ्या प्रत्येक चित्रापुढे उसासा टाकायचे. "हात उत्तम आहे गं. पण तुझे चेहरे म्हणजे भाड्याने द्यायची घरं. आत कुणी राहतच नाही." आणि मी या कॉलेजसाठी घरात केवढं रणकंदन केलं होतं! बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते. आता शेवटच्या वर्षाला 'मला नाही जमत' म्हणायचं? म्हणजे ते खरे आणि मी खोटी! मेले असते तरी म्हटलं नसतं. ही भिंत जमायलाच हवी होती, आणि मी अजून काढलेलं सगळं पुसूनच टाकत होते.

आणि मग खडूसरांचा घसा बसला. आवाज पार गेला. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'आज ताई शिकवतील.' मग माझ्याकडे पाहून 'ताई' पुसलं आणि 'बाई' लिहिलं. माझ्या हातात खडू ठेवताना त्यांची बोटं जरा जास्तच वेळ रेंगाळली... की मलाच वाटलं?

काय सांगू तो दिवस! मी 'म'ची मिशी काढली, 'ळ'ला चष्मा लावला, वजाबाकी शिकवताना स्वतःच बाकाखाली गायब झाले. मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा वाटलं, हिला कुणी एवढ्यात वाजवलं? मागे खडूसर आवाज न करता हसत होते. आणि माझी अक्षरं बघून पेन्सिलने शेजारी वाकून काहीतरी लांबलचक समजावलं होतं.

"ताई, बत्तीस नंबरचं चित्र काढा ना!" एक ओरडला. मग सगळेच. काढा ना, काढा ना!

नाही म्हणायला हवं होतं. पण चित्रकाराला 'काढा' म्हटलं की झालंच. मी कोळसा उचलला, भिंतीवर मधोमध सुरुवात केली. आणि खरं सांगते, हात माझा होता, पण घाई कुणा दुसऱ्याचीच होती. कपाळ, मग नाक, मग ते डोळे... मी ठरवायच्या आधी ते तिथे होते. दुपारपर्यंत रंगही भरून झाला. एक सहा वर्षांची मुलगी भिंतीतून रोखून बघत होती. माझ्या आयुष्यातला पहिला जिवंत चेहरा!

मी वळले. मुलं एकमेकांकडे बघत होती.

"ही ती नाहीये," एक मुलगी म्हणाली.

"ती माझ्यासारखी होती," एक मुलगा म्हणाला. "दात पडलेला होता तिचा."

"नाही, माझ्यासारखी!"

पेन्सिलने भिंतीकडे पाहिलं. शेजारच्या जागेकडे पाहिलं. मग हळूच आपलं दप्तर उचलून त्या जागेवर ठेवलं. तिथे आता कुणी बसणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खडूसरांनी बसक्या आवाजात हजेरी घेतली. "बत्तीस नंबर?" रोज त्या शांततेत कुणीतरी बोलायच्या बेतात असल्यासारखं वाटायचं. आज ती नुसतीच शांतता होती. वहीचं पान कोरं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही कोरं. आठव्या दिवशी पेन्सिलची आई आली. "घरी आल्यावर तोंडाचा पट्टा चालू असायचा हिचा," ती म्हणाली. "बत्तीस नंबर असं म्हणाली, बत्तीस नंबरने तसं केलं. आता घरीही बोलत नाही. जेवायला हाक मारली तर नुसती भिंतीकडे बघते."

आणि त्याच दुपारी दाढीवाले सर माझी भिंत बघायला आले. कितीतरी वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "आलं. कुणीतरी राहायला आलं. शुक्रवारी परीक्षकांना आणतो. यंदा पहिली तूच." याच वाक्यासाठी मी चार वर्षं झुरले होते ना? मग मला आनंद का होईना?

कारण मला माहीत होतं तिथे कोण राहायला आलंय. आणि कुणाच्या शेजारून उठून.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. खडूसर धावतच आले.

"वेडी आहेस का? उद्या परीक्षा आहे!" ते मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाले, आणि असल्या वेळी! "एक दिवस थांब. परवा दोघं मिळून पुसू."

"एक दिवस? निकाल लागेपर्यंत हात लावता येणार नाही. दोन महिने. पेन्सिलला विचारलं का, दोन महिने चालतील का म्हणून?"

"तुझं वर्ष जाईल."

"जाऊ दे."

"तुझी चार वर्षं जातील गं!"

"खडूसर," मी म्हणाले, "ब्रश घेताय की नुसतं ओरडताय? घसा परत बसेल."

त्यांनी ब्रश घेतला.

बाहेर धुकं खिडकीला नाक लावून उभं होतं. आम्ही शेजारी शेजारी उभं राहून तिला पुसलं. आधी केस, मग हनुवटी. डोळ्यांपाशी आले तेव्हा माझा ब्रश थांबला. त्यांनी आपला हात माझ्या हातावर ठेवला, आणि ब्रश दोघांचा झाला. रंगाचा पहिला हात वाळला, आणि डोळे परत वर आले. पांढऱ्यातून, करडे, रोखून बघणारे.

"कोळसा आहे," मी म्हणाले. आवाज मात्र माझा वाटेना. "कोळसा रंगातून वर येतो. नेहमीचंच आहे."

दुसरा हात दिला. फरशीवर पाठीला पाठ लावून वाट बघत बसलो. त्यांचा श्वास मला पाठीतून कळत होता.

"पुढच्या वर्षी कुठे असशील?" त्यांनी विचारलं.

"इथेच. पण भिंतीकडे तोंड करून नाही... मुलांकडे तोंड करून. आधी शिक्षणशास्त्राची पदविका, मग पहिलीचा वर्ग. सापडलंय मला."

"आणि मी?"

"तुम्ही काय?"

"मी तुला सापडलो का, असं विचारतोय," ते भराभरा म्हणाले. "मला तू सापडलीस. बुटावर निळा थेंब पडला ना, त्याच दिवशी. पुसलेला नाहीये मी तो अजून."

मी वळून पाहिलं. नाकावर पांढरा रंग, कान लालभडक. मी बोटाने त्यांच्या नाकावरचा रंग पुसला, आणि तो आणखीनच पसरला. "हो," मी म्हणाले. एवढंच सुचलं. मी, जी कधी गप्प बसत नाही!

मग आम्ही दोघांनी एकदम भिंतीकडे पाहिलं. चेहरा पुन्हा वर आला होता. फिकट, धुक्यासारखा.

"बघितलंस?" त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"कोळसा वर येतो," मी कुजबुजले. "पण मी डोळे उघडे काढले होते..."

ते मिटले होते. शांत, झोपलेल्या मुलासारखे. आम्ही तिसरा हात दिला, अगदी हलकेच, पांघरूण घालावं तसा. त्यानंतर भिंत पांढरीच राहिली.

सकाळी परीक्षक येऊन कोरी भिंत बघून गेले. दाढीवाल्या सरांनी मान खाली घातली. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? पण हजेरीची वेळ झाली होती. मुलं येऊन बसली. पेन्सिलने कितीतरी वेळ त्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं, मग शेजारच्या जागेवरचं दप्तर उचलून खाली ठेवलं.

"...एकतीस. बत्तीस नंबर?"

"हजर सर."

बारीक, स्पष्ट आवाज. मी पेन्सिलकडे झेप घेतली, तिच्यासमोर गुडघे टेकले. "तू बोललीस? पेन्सिल, तू म्हणालीस ना हजर?"

तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं. मान आडवी हलवली.

"मी नाही म्हटलं, ताई," पेन्सिल म्हणाली. शाळेतले तिचे पहिले शब्द. "पण मी ऐकलं."

त्या संध्याकाळी मी आईबाबांना दिवाणखान्यात समोरासमोर बसवलं आणि स्वतः उभी राहिले. 

"मी कॉलेज सोडतेय. पदवी मिळणार नाही. मी प्राथमिक शाळेची शिक्षिका होणार आहे."

बाबांनी चष्मा काढला. "म्हणजे तेव्हा आम्हीच बरोबर होतो."

"नाही बाबा. चित्रकलेला गेले नसते तर त्या शाळेत गेलेच नसते. माझी चार वर्षं चुकली नाहीत. फक्त त्यांचा शेवट मला वाटला होता तिथे नव्हता. तुम्ही परत महिनाभर बोलला नाहीत तरी चालेल. मी मात्र रोज येऊन सांगेन, आज वर्गात काय झालं ते."

बाबांनी चष्मा पुसून परत घातला. मग म्हणाले, "किती मुलं आहेत वर्गात?"

"बत्तीस," मी म्हणाले.

आईने माझ्या बाहीवरचा पांढरा डाग बघितला, मग तोंड. आया कशा बघतात ना, तशी. "आणि हा निर्णय तुझा एकटीचा आहे?"

"हा माझा एकटीचा," मी म्हणाले. "आणखी एक आहे, तो दोघांचा आहे. सांगायला तो दुसरा स्वतः आलाय. अर्धा तास झाला, फाटकाबाहेर उभा आहे. आत बोलावू?"