बाळ एक, बाळ दोन

घरचे मला भोचक म्हणतात. म्हणू देत. भोचक नसते तर तुला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसतंच.

त्या दुपारचं काम साधं होतं. हृदयाची सोनोग्राफी करायचं मशीन ढकलत मी वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या वॉर्डात नेलं. जुळ्यांतली मुलगी तपासायची होती. पोटात असताना बाळाच्या हृदयाजवळ एक नळी उघडी असते, जन्मल्यावर ती मिटते. हिच्या भावाची मिटलीच नाही. तीन दिवसांपूर्वी तो गेला. हिची मिटली. एकाच पोटातून, एकाच दिवशी आलेले. मग आमच्या वॉर्डात मुलगेच का आधी हात टेकतात, हे कोडं मोठ्या डॉक्टरांना छळायचं. खरं सांगते, मलाही.

वॉर्डात औषधाचा वास, काचेच्या पेट्यांची बारीक घरघर. आई माझ्या मागे स्टुलावर बसली होती.

आमच्याकडे बाळांना नावं नसतात. आईच्या नावापुढे बाळ एक, बाळ दोन. घाईत मी मशीनवर चुकून ‘बाळ एक’ची, म्हणजे गेलेल्या भावाची, फाइल उघडली आणि मुलीच्या छातीवर मशीनचा दांडा, म्हणजे प्रोब, ठेवला. नळी सताड उघडी.

उघडी म्हणजे औषध, नाहीतर ऑपरेशन. नऊशे ग्रॅमच्या जिवाला दोन्ही जड. मग चूक लक्षात आली. ‘बाळ दोन’ लावलं. तीच छाती, तोच प्रोब, माझा हात तसूभरही हलला नव्हता. नळी बंद.

पुन्हा एक. उघडी. पुन्हा दोन. बंद.

तिथेच थांबायला हवं होतं. पण म्हटलं ना, भोचक. मी परत ‘एक’ लावलं.

“हे... त्याचं आहे?” मागून आईचा आवाज आला.

“मशीन बिघडलंय, ताई.”

“नाही हो. त्याचे ठोके ओळखते मी. राहू द्या ना जरा...”

मी राहू दिलं. बघता बघता त्याची नळी आक्रसायला लागली. पेटीवरच्या मॉनिटरवर शहाण्णव असलेला मुलीचा ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशीवर आला. घाबरून मी ‘दोन’ लावलं. मिटलेल्या नळीत केसाएवढी फट पडली होती, आणि तिच्यातून रक्ताची लाल रेघ वाहत होती. त्याची जेवढी मिटली, तेवढी हिची उघडली होती. आईलाही ते दिसलं.

“आता बास,” मी म्हटलं.

तिनं माझं मनगट धरलं. “तिला सोसेल हो,” ती अगदी मायेनं म्हणाली. “मुलगी आहे... त्याचं थोडंच राहिलंय.”

मी दुसऱ्या हातानं मशीनची भिंतीतली वायर उपटली. पडदा काळा झाला. मुलीचा आकडा हळूहळू वर चढू लागला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

आईनं पेटीकडे पाहिलंच नाही. तिनं काळ्या पडद्यावर एक बोट टेकवलं, थोडं मागे ओढून पाहिलं, आणि हसली.

“केवढं घट्ट धरलंय माझं बोट यानं...”