घेराचा ड्रेस

फोन वाजला आणि थोरलीची इस्त्री भाचीच्या लग्नाच्या ड्रेसवर तशीच राहिली. छातीवर करपलेला तिकोनी डाग उमटला. लग्न उद्या सकाळी. तयार कपडा भाचीला कधीच बसत नसे. लहानपणी झाडावरून पडल्यापासून तिचा डावा खांदा उतरला होता, आणि तो झाकण्याची युक्ती फक्त थोरलीच्या हातात होती.

"आता चादर गुंडाळून जाते," भाची म्हणाली. रडायच्या वेळी हसायची तिची खोडच होती.

तेवढ्यात तिच्या आईला, म्हणजे धाकटीला, दोघी बहिणींच्या शिवणाच्या दुकानातला एक ड्रेस आठवला. एका गिऱ्हाइकाने नक्कल शिवायला दिलेला आणि परत न नेलेला. पांढरा, चिमटीत धरल्यासारखी कंबर, आणि खाली घेर असा की गिरकी घेतली तर दिवा विझावा.

"हा? आजीच्या काळातला?"

"ही तऱ्हा कधी जुनी होते का गं!" थोरलीला निमित्तच हवं होतं. "लढाईच्या टंचाईत कापड पुरेना, तेव्हा बायकांचे कपडे चिंचोळे झाले. मग कापड आलं आणि शिंप्यांनी हात सैल सोडला. पुढे बाह्या गेल्या, आल्या. लांबी चढली, उतरली. कंबर मात्र जागची हलली नाही. लठ्ठ असो की काटकुळी, यात बाई उठून दिसते. घाल!"

गिऱ्हाइकाचा कपडा अंगावर चढवायचा नाही, हा दुकानाचा नेम. आज तो मोडला.

ड्रेस असा बसला की तिघी ओरडल्याच.

"मावशी, खांदा बघ! सरळ!"

"काढ, आता मी," धाकटी म्हणाली.

"आई, तुझा एक पाय जाईल त्यात."

"जाऊ दे, तू बटणं लाव."

बटणं लागली. एकही ताणलं नाही. हसून हसून तिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. आज याची नक्कल झालीच पाहिजे म्हणून थोरलीने टेप ओढला. धाकटीची कंबर मापली. मग ड्रेस पुन्हा भाचीला घालून तिची मापली. माप एकच.

"मी पण वेडी! कपड्यावरून घेतेय, एकच येणार. काढ तो."

ड्रेस खुंटीवर गेला. दोघी शेमीजवर उभ्या राहिल्या. थोरलीने अंगावरून मापं घेतली.

एकच.

कंबर, छाती, पाठ. पोरसवदा भाची आणि तिची गुबगुबीत आई.

थोरलीने भाचीच्या खांद्यावर तळवा फिरवला. खांदा सपाट होता.

"दुखतंय?"

"काय दुखायचंय?"

"झाडावरून पडली होतीस ना."

"मी? कधी?"

भाचीने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. तिलाही आठवत नव्हतं.

"दमलात. बसा जरा," थोरली कशीबशी म्हणाली.

दोघी बसल्या. बसताना दोघींनी दोन्ही हातांनी, सवयीने, घेर सावरून घेतला.

घेर खुंटीवर होता.