पट्टी कोण आवळतंय?

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण विनीतासमोर हसू नका. ती अजूनही चिडते.

साल १९९६. ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगमधलं भाड्याचं घर आणि जुलैतली थंडगार दुपार. भुतं रात्रीच येतात, असं समजून दिवसा निर्धास्त फिरणाऱ्यांपैकी विनीताही एक होती.

तिच्या आठ वर्षांच्या निहारिकाचा पाय शाळेत नेटबॉल खेळताना मुरगळला. फ्रॅक्चर नाही, बर्फ लावा, असं डॉक्टर म्हणाले. पण पुण्याच्या बाईचं नुसत्या बर्फावर समाधान होतंय थोडंच! तिने आंबेहळद उगाळली, त्यात तुरटीची पूड घातली आणि गरम लेप दिला. आता बांधायला जुनं, मऊ सुती कापड हवं.

ते नेमकं घरात होतं. मागच्या रस्त्यावर राहणाऱ्या वेंडी नावाच्या चिनी मुलीने आजी वारल्यावर तिचं सामान गराज सेलला, घराबाहेर मांडून, विकायला काढलं होतं. तिथून विनीताने पांढऱ्या कापडाच्या लांबलचक पट्टीची गुंडाळी आणली होती. धुऊन धुऊन मऊ झालेली.

तिने ती सैलसर बांधली, टोकाला सेफ्टी पिन लावली आणि स्वयंपाकघरात गेली.

थोड्याच वेळात निहू कळवळून रडायला लागली.

पट्टी करकचून आवळली होती.

पिन बाजूच्या टेबलावर पडलेली. आणि पट्टीचं टोक... बारीक, सुबक टाक्यांनी शिवलेलं.

विनीताने कात्रीने टाके उसवले. अंगठा सोडून चारही बोटं तळव्याखाली दुमडलेली होती.

"एवढं घट्ट बांधतात का?" शिरीष म्हणाला. तो तिचा नवरा, नाइट शिफ्ट करून दुपारी घरीच झोपलेला असायचा.

"मी नाही बांधलं."

"मग घरात शिवतं कोण, विनू? मला साधं बटण लावता येत नाही."

तिने निहूची बोटं चोळून सरळ केली. त्या घरात तिसरं मोठं माणूस नव्हतं, तेव्हा तिला त्याचाच संशय यायला लागला. त्याला तिचा आलाच होता.

तिने पट्टी धुवायच्या कपड्यांत टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा निहूच्या पायावर होती...

आणखी घट्ट.

शिरीष निहूला उचलून हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला, मागोमाग विनीताही. नर्सने पायावरचे वळ पाहिले आणि सरळ विनीताकडे बघून विचारलं, घरी पट्टी कोण बांधतं? परत असं झालं तर मुलांच्या संरक्षण खात्याला कळवावं लागेल, असंही म्हणाली. शिरीषने एका शब्दानेही विनीताची बाजू घेतली नाही. ते तिला फार लागलं.

निहूला आपल्यापासून काढून घेतील, या एकाच भीतीने, ती पट्टी मुळात कशाची ते विचारायला तिने वेंडीचं दार वाजवलं.

"ती आजीच्या पायाची पट्टी," वेंडी म्हणाली. "तिकडे पूर्वी लहानपणीच मुलींचे पाय बांधायचे. आजीचे तिच्या आईने बांधले होते. पाय मुठीत मावला तर मुलगी सुंदर, तिला चांगलं स्थळ मिळणार."

"आणि तुझ्या आईचे?"

"तोवर बंदी आली होती. आजीला ते शेवटपर्यंत सलत होतं. नुसती म्हणायची, माझ्या हातून एक पोरगी राहून गेली."

विनीताला शहारा आला. निहूचा रंग उजळावा म्हणून तिला रोज सायीने चोळताना मात्र तो कधी आला नव्हता.

त्याच संध्याकाळी तिने पट्टी मागच्या अंगणात, बार्बेक्यूच्या निखाऱ्यांवर जाळली. मग निहूला जवळ घेऊन विचारलं, "कोण बांधायचं गं?"

"अ‍ॅन ओल्ड लेडी. शी इज नाइस, आई. मी रडले की ती पण रडते."

पाय बरा झाला. शिरीषने तो विषय परत काढला नाही. त्याचा संशय गेला की नाही, विनीताला अजून माहीत नाही.

निहारिका आता मोठी झाली आहे. मध्यंतरी तिच्याच लग्नासाठी दोघी सिडनीला सँडल घ्यायला गेल्या होत्या. तिने लहान नंबर मागितला. पाय आत कोंबला, चेहरा वेदनेने पिळवटला, तरी काढेना.

"अगं, एक नंबर मोठी घे ना," विनीता म्हणाली.

निहारिका आरशात पाय बघत होती.

"नको," ती शांतपणे म्हणाली. "ती म्हणते, दुखतं ते आत्तापुरतंच."