खात्रीची नळी

"एक मलई कुल्फी द्या. जरा मोठी बघून."

स्नेहलने मान वर केली. हरसूलच्या आठवडे बाजारात, सुक्या बोंबलांच्या आणि मिरच्यांच्या दुकानांमध्ये जेमतेम जागा मिळवून ती पांढऱ्या थर्माकोलच्या डब्यातला बर्फ सारखा करत होती. समोर एक उंच, सावळा तरुण उभा. चेहरा इतका प्रामाणिक, की रागवायचं कसं तेच तिला कळेना.

"कुल्फी नाहीये," ती म्हणाली. "रक्त ठेवायचंय यात."

"अरे बापरे. मग राहू द्या."

तो योगेश महाले, तिथल्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवायचा. आणि ही डॉक्टर स्नेहल गावित, नाशिकच्या एका संशोधन केंद्रातली. सिकलसेलच्या मागे हात धुऊन लागलेली. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात आणि माणूस दुखण्याने गडाबडा लोळतो. का, तर जनुकातलं एक अक्षर चुकलेलं. रुग्णाच्या पेशी बाहेर काढायच्या, चूक दुरुस्त करायची आणि त्या परत अंगात सोडायच्या, यासाठी तिचा सगळा आटापिटा चालला होता. काचेच्या बशीत ते जमायला लागलं होतं, पण माणसापर्यंत पोचायला अजून बराच काळ होता. आणि रात्रंदिवस तिला एकच धास्ती... जनुक कापणारी ती बारीक कात्री भलत्याच ठिकाणी चालली तर?

तोवर निदान लोकांचं रक्त तरी तपासावं, म्हणून ती बाजाराच्या दिवशी इथे यायची. पण बोट टोचून घ्यायला पुढे कोण येणार? सगळे लांबून मजा बघत होते. शेवटी योगेशनेच हात पुढे केला.

"घ्या. कुल्फीचं प्रायश्चित्त."

तिने त्याचा थेंब औषधाच्या नळीत सोडला आणि नळी रेघा मारलेल्या कागदापुढे धरली. नळीतून रेघा दिसल्या तर रक्त ठीक. गढूळ होऊन दिसेनाशा झाल्या तर दोष आहे. शेजारी आधीच गढूळ झालेली एक नळी होती.

"ही कुणाची?" मास्तरच तो, विचारल्याशिवाय कसा राहील?

"ती खात्रीची. दोष आहे हे आधीच माहीत असलेल्या माणसाची. औषध नीट काम करतंय ना, ते कळायला लागते."

हे बोलताना स्नेहलने पट्टी लावलेलं बोट मुठीत लपवलं. कारण ती नळी तिचीच होती. प्रत्येक शिबिरात ती सगळ्यांच्या आधी स्वतःचं बोट टोचायची आणि कुणाला सांगायची नाही. तिच्यात दोष अर्धा होता, आईबापांपैकी एकाकडूनच आलेला. अशा माणसाला वाहक म्हणतात, त्याला स्वतःला काही होत नाही. धाकट्या भावाच्या, गोरक्षच्या वाट्याला मात्र दोन्हीकडून आला होता.

योगेशची नळी हळूहळू गढूळ झाली. अगदी तिच्यासारखी.

केंद्रातल्या मोठ्या यंत्रावरही तेच निघालं, दोष अर्धा. पुढच्या बाजारी तिने त्याला समजावलं, "तुम्ही वाहक आहात, सर. घाबरायचं कारण नाही. पण बायकोही वाहक मिळाली, तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक धोका. म्हणून मी सगळ्यांना सांगते, आधी रक्त तपासा, मग मन द्या."

"आणि आधीच दिलेलं असलं तर?"

"तर..." तिने उगाच डब्याचं झाकण लावलं. "तर मला भेटा."

मग काय, गडी दर बाजाराला भेटायला लागला. कधी पाल बांधून द्यायचा, कधी म्हाताऱ्यांना हाताला धरून आणायचा. श्रावणातली भुरभुर अंगावर घेत उभा राहायचा, आणि ती नळ्यांकडे बघतेय असं वाटलं की तिच्याकडे बघायचा. ती बघतच असायची, नळ्यांकडे नाही, त्याच्या भिजलेल्या बाहीकडे. जाताना त्याचं एक ठरलेलं वाक्य, "मॅडम, चहा?" आणि तिचंही ठरलेलं, "पुढच्या वेळी नक्की."

पुढची वेळ काही यायची नाही. कशी येणार? तिला त्या चहाची भीती वाटत होती. तो तिला आवडला होता, नको इतका आवडला होता. नाशिकमध्ये द्वारका चौकातल्या सिग्नलला अडकली की त्याचं बोलणं आठवून एकटीच हसायची आणि सिग्नल सुटायच्या आत चारात एक हा हिशेब आठवून तिचं हसू विरायचं. गावोगाव लोकांना शहाणपण शिकवायचं आणि स्वतः जाऊन नेमकं वाहकाच्याच प्रेमात पडायचं. कुणाला सांगायचीही सोय नाही.

थंडी पडली. एका बाजारी योगेशची आई, विमलाबाई, एका मुलीला घेऊन आली. मुलगी नीटनेटकी, लाजरी. नाव संजना.

"ताई, तुम्हीच सांगता ना, आधी रगत तपासा म्हणून? योगेशला हिचं सांगून आलंय. पोरगी लय गुणाची हाय. बघा बरं जुळतंय का नाय."

योगेश मागेच उभा होता, तोंड कडू करून. स्नेहलने संजनाचं बोट हळूच टोचलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, ही नळी गढूळ व्हावी. त्या विचाराची तिला इतकी शरम वाटली, की डोळ्यांत पाणीच आलं.

नळी स्वच्छ राहिली. मागची एकेक रेघ दिसत होती.

"सांगा ना, मॅडम," योगेश हळूच म्हणाला. तो नळीकडे बघतच नव्हता.

"जुळतंय," ती म्हणाली. "काही... काही हरकत नाही."

"बरं," एवढंच म्हणून तो वळला. त्या दिवशी त्याने चहाचं विचारलं नाही.

नाशिक रोडला घरी पोचली, तर गोरक्ष गरम पाण्याची पिशवी गुडघ्याला लावून बसलेला. थंडीत त्याचं दुखणं उचल खायचंच.

"काय झालं, ताई? बशीतल्या पेशी मेल्या का?"

तिने सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, "बरंच झालं. उद्या चारातलं एक तुझ्यासारखं निघालं असतं, तर मी कुठे तोंड लपवलं असतं?"

गोरक्षने पिशवी बाजूला ठेवली.

"माझ्यासारखं," मग तो म्हणाला. "ताई, दुखतं तेव्हा जीव नकोसा होतो, खोटं नाही बोलत. पण दुखत नाही तेव्हा मी मजेत असतो. मी झालोच नसतो तर बरं होतं, हे तू कधी ठरवलंस?"

"तसं नाही रे..."

"मग कसं? मूल होऊ द्यायचं की नाही, आधी गर्भ तपासून घ्यायचा की दत्तक आणायचं, ते दोघं बसून ठरवा. तू त्याला विचारलंच नाहीस. एकटीनेच निकाल लावून मोकळी झालीस."

ती त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून रडली. तो म्हणाला, "दुसरा गुडघा, ताई. हा दुखतोय."

पुढच्या बाजारी ती पाल बांधायच्या आधीच आश्रमशाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. धुक्यात भिजलेली. योगेश बाहेर आला तो थबकलाच.

"सर, उशीर झाला असेल तर तसं सांगा, मी जाते. ठरलं का तुमचं?"

"नाही. आईला सांगितलं, रक्त जुळलं, मन नाही जुळलं. आठवडाभर माझ्याशी बोलत नाहीये."

"मग ऐका. ती खात्रीची नळी..." नेहमी टोचायचं ते बोट तिने पुढे केलं. "ती माझी आहे. मीही वाहक आहे. माझा भाऊ ते दुखणं सोसतो. माझ्या संशोधनाचा काही भरवसा नाही, दहा वर्षं लागतील, कदाचित जमणारही नाही. आणि आपल्या दोघांचं मूल म्हणजे चारात एक—"

"मॅडम."

"मला बोलू द्या. लग्नाआधी या सगळ्याचा विचार—"

"मॅडम, मी अजून फक्त चहाचं विचारलंय."

ती कानापर्यंत लाल झाली. मग हसूही आलं आणि रडूही.

"आणि नळी कुणाची ते मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "प्रत्येक बाजारी कुणाचंही बोट टोचायच्या आधी तुमच्या बोटाला पट्टी असते. मी बोटांकडे बघतो... म्हणजे तुमच्या. वाट बघत होतो, तुम्ही कधी सांगताय."

"माहीत असून तुम्ही दर वेळी चहाचं विचारत होता?"

"तुमचं ते वाक्य आहे ना, आधी रक्त, मग मन? माझं उलटं झालं. कुल्फी मागितली तेव्हाच."

त्याने तिचं ते बोट हातात घेतलं, अगदी हलकेच, दुखू नये असं. तिने सोडवून घेतलं नाही.

"योगेश," सर म्हणायचं ती विसरलीच. "माझी भीती काही जायची नाही हं. रोज राहील."

"राहू दे की," तो म्हणाला. "तिच्यासाठीपण एक कप सांगू."